जहाजाच्या माथ्यावरचं नाव

शेलूबाजारच्या निम्म्या जीपगाड्यांच्या बारशाला मी जेवलेला आहे, असं मी चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात. त्यात खोटं फारसं नाही. गाडी मालकाची, हप्ते मालकाचे, पण नाव लिहायची वेळ आली की भला दांडगा माणूस माझ्या टपरीसमोर उभा राहून नखं खायला लागतो आणि म्हणतो, "तुमीच सांगा ना पेंटरभाऊ, काय टाकू?" आता असं विचारणारे फार उरले नाहीत. रेडियमवाला कॉम्प्युटरवर नाव कापतो, काचेवर चिकटवतो आणि पाण्याचा हात फिरवून मोकळा होतो. मीही ब्रश जवळजवळ खाली ठेवलाच आहे. या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातले अनुभव लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा मी त्यांना सांगितलं, मी अक्षरं लिहिणारा माणूस, वाक्यं लिहिणारा नव्हे. काही चुकलं तर रंग ओला आहे तोवर पुसून घ्या.

काम तसं अवघड नाही, पण घाई चालत नाही. आधी पत्रा घासायचा, त्यावर अस्तराचा हात मारायचा आणि तो सुकू द्यायचा. मग दोरीला खडूची भुकटी लावायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची. टप्प असा आवाज होतो आणि पत्र्यावर सरळ रेष उठते. अशा दोन रेषांच्या मध्ये अक्षरं खडूने आखायची, मग तेलरंगाने भरायची, आणि शेवटी प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे आणि खाली काळी सावली द्यायची. ती दिली की अक्षर पत्र्यावरून उठून उभं राहतं. आमच्याकडे नाव वाचणाऱ्यांपेक्षा ओळखणारे जास्त. निंबाखाली उभ्या असलेल्या म्हातारीला वाचता येत नसतं, पण लांबून पिवळ्यावर लाल दिसलं की ती गाठोडं उचलते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. वाशीमच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्या एकानं आपल्या खिळखिळ्या टेम्पोवर 'एक्स्प्रेस' लिहून घेतलं होतं. चढ आला की त्याची एक्स्प्रेस माणसांनी ढकलावी लागे. पोहरादेवीच्या यात्रेआधी तर जीपवाले रांग लावत. सगळ्यांना देवीचं नाव हवं आणि सगळ्यांना आपलं शेजाऱ्यापेक्षा मोठं हवं. मंगरूळपीरकडच्या दोघा भावांनी सामाईक ट्रॅक्टर घेतला, उजवीकडे थोरल्याच्या मुलाचं नाव टाकलं, डावीकडे धाकट्याच्या. पुढे वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर थोरल्याकडे आला आणि त्याने डावीकडचं नाव पुसून घेतलं. आठवडाभरात तोच माणूस परत हजर. "लिहून द्या वापस तसंच," म्हणाला. "बुढा जेवून नाई राह्यला." बुढा म्हणजे दोघांचा बाप. मी लिहून दिलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळचं अक्षर चांगलं उतरलं होतं, हे मी त्या वेळी बोललो नाही.

पण मला सगळ्यांत जड गेलेलं नाव ज्या वाहनावर लिहिलं, त्याला इंजिन नव्हतं.

शेलूबाजारहून जीपने थोडंच लांब एक गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलून लिहितो. तिथलं गणेश मंडळ दरवर्षी देखावा करतं आणि त्याचं रंगकाम माझ्याकडे असतं. अलीकडच्याच एका वर्षी मंडळाचा अध्यक्ष संजू माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पेंटरभाऊ, औंदा जहाज हाये."

"वाशीम जिल्ह्यात जहाज?" मी म्हणालो. "पाह्यलं का रे कोनी?"

"म्हनूनच तं. कोनी पाह्यलं नाई, म्हनून कोनी चुका काढत नाई. अन् हे पान्यातलं नाई, काळातलं हाये. मागं जाते."

मी जाऊन पाहिलं. भंगारातून आणलेल्या जुन्या जीपचा सांगाडा, त्याच्या पुढे पत्रे वाकवून केलेलं टोकदार नाक, वर पाइपाचं धुराडं. आत दोन बाकं. दोन्ही खिडक्यांबाहेर कापडाचे लांबच लांब ताके गुंडाळलेले, त्यांच्यावर चित्रं. माणसं बाकावर बसली की बाहेरून हँडल फिरवायचं आणि ताका सरकू लागायचा. आधी मोबाइलचा टॉवर आणि सिमेंटचा रस्ता, मग मुरमाचा रस्ता, मग बैलगाड्या, मग दुथडी भरलेली नदी, असं करत करत जंगल आणि त्यात वाघ. हँडल उलटं फिरवलं की आपण परत आजच्या दिवसात. मी विचारलं, जहाजच कशाला, जीपच राहू द्यायची होती. संजू म्हणाला, "जीपले रस्ता लागते भाऊ. काळाले कुठं रस्ता हाये?" हे वाक्य त्याचं नव्हतं. ते वसंताचं होतं.

वसंता हा त्याच गावचा वेल्डर. मंडळाचे आधीचे सगळे देखावे त्याच्या हातचे. काळात जाणाऱ्या जहाजाची कल्पनाही त्याचीच, पण ते बांधण्याआधी तो पुण्याकडे बांधकामावर गेला. दिवाळीनंतर जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, हा आमच्याकडे बऱ्याच घरांचा नेम. त्या उन्हाळ्यात बरोबरचे सगळे परत आले, वसंता आला नाही. एका जागेवरचं काम सोडून तो दुसऱ्या जागेवर गेला, एवढंच सोबत्यांना ठाऊक. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, भाऊबंद जाऊन शोधून आले. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. याला सात-आठ वर्षं झाली होती. घरी त्याची आई देवकाबाई, जिला सगळं गाव बुढी म्हणतं, आणि बायको सुनंदा. सुनंदा पिठाची गिरणी चालवते आणि दोघींचं पोट त्यावर चालतं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी दुपारी मी नाव लिहायला मंडपात पोचलो, तर नाव ठरलेलंच नव्हतं. पोरं गोल करून बसली होती. कोणी म्हणे 'समयरथ', कोणी म्हणे 'महाकाल एक्स्प्रेस'. गावातल्या निवृत्त गुरुजींनी 'कालतरंगिणी' सुचवलं. मी म्हणालो, गुरुजी, नाव म्हणजे हाक मारायची गोष्ट, एकदा ओरडून बघा. गुरुजी खरंच उभे राहिले, तोंडाशी हात नेऊन त्यांनी "चला, कालतरंगिणी, कालतरंगिणी" असं दोनदा ओरडून पाहिलं आणि त्यांनाच हसू फुटलं. "राहू द्या," म्हणाले.

तेवढ्यात संजू म्हणाला, "वसंताचं नाव टाकू. जहाज त्याचंच हाये."

कोणी नाही म्हटलं नाही. मला बरं वाटलं. नावासाठी धुराड्याखाली आडवी पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर मी दोरी मारली, खडू घेतला आणि सवयीने विचारलं, "नावाच्या आधी काय लावू?"

"आधी म्हंजे?"

"श्री. का दुसरं काही?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. संजूने मान खाली घातली आणि म्हणाला, "कै. लावा."

"नुसतंच वसंता लिहू का?" मी विचारलं.

"नुसतं कसं? मंडळाले मान ठेवता येत नाई म्हनतीन लोक. चांगला मानानं लिहा."

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. वसंता आहे की गेला, हा प्रश्न त्या गावाने इतक्या वर्षांत तोंडाने कधी विचारला नव्हता. सुनंदाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर टिकली होती, आणि हळदी-कुंकवाला कोणी बोलावलं की ती जायची. मागून कुजबुज होतच असणार, पण पुढे कोणी बोलत नसे. गावाने झाकून ठेवलेला तो प्रश्न आता माझ्या ब्रशच्या टोकाशी आला होता. मी जे लिहीन ते दहा दिवस लाइटच्या माळांखाली चमकणार आणि आसपासची गावं ते वाचणार. मी 'कै' खडूने आखलं.

गिरणी मंडपाला लागूनच होती. तिचा पट्टा थांबल्याचं मला आधी ऐकू आलं, मग सुनंदा दिसली. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. भुवयांवर, केसांवर पीठ. ती पट्टीसमोर उभी राहिली, वाचलं, आणि मला नाही, संजूला म्हणाली, "संजूभाऊ, महालक्ष्म्या कवा हायेत?"

"चार-पाच दिवसांनी, वयनी."

"पाटलाच्या घरी सवाशीन म्हनून जेवाले सांगितलं हाये मले. दरसाल सांगतात. तुमी आज हे लिहून राह्यले. मंग माह्यं बोलावनं राह्यते का जाते, तेवढं सांगा."

संजू गोरामोरा झाला. "वयनी, आमी तं वसंताभाऊचा मान म्हनून..."

"मान त्याले देता, अन् पाट माहा उचलता," सुनंदा म्हणाली.

महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठं. सवाष्णीचा पाट एकदा मिळेनासा झाला की परत मांडला जात नाही. त्यामुळे ती काय म्हणते आहे ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. एकाने घाईघाईने सांगितलं, "पेंटरभाऊ, पुसा ते. श्री. लिहा." मी फडकं उचललं.

"श्री. बी नका लिहू," ती म्हणाली.

आता मात्र मी तिच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला दळण बारीक हवं की जाडं विचारावं, तशी ती बोलत होती. "श्री. लिहिलं तं मले आनखी दहा वर्सं वाट पाहा लागन. गावानं लिहून देल्लं हाये म्हनून. मी वाट पाहीन, का नाई पाहीन, ते माह्यं मी पाहीन. तुमी पत्र्यावर लिहून देऊ नका."

मी 'कै' पुसलं. माझ्या धंद्यात मी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण त्या वेळी मला एकही नाव सुचेना. रंगाचा डबा उघडा होता आणि त्याच्यावर साय धरायला लागली होती.

एवढ्यात बुढी आली. काठी टेकत, तोंडाने पुटपुटत. मुलगा जिवंत आहे असं तिचं ठाम म्हणणं आणि त्यावर तिच्याशी कोणी वाद घालत नाही. सासू-सुनेची इथेच जुंपते की काय असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. बुढीने जहाजाला एक फेरी मारली, धुराड्यावर काठी आपटून पाहिली आणि विचारलं, "हे कुठं जाते रे?"

"मागं जाते बुढे. जुन्या दिवसांत."

"वापस येते का?"

"येते ना. हँडल उलटं फिरवलं की येते."

"मंग जुन्यात तं वसंता हायेच," बुढी म्हणाली. "तिथं त्याले सारेच वयखतात. नाव लिवाची काय गरज?" मग तिने काठी उचलून सुनंदाकडे केली. "तिथंबी हाये अन् इथंबी हाये, असं मानूस हे एकच. तवाबी गिरनीत हेच दयत होती, आताबी हेच दयते. तिचं लिवा."

सुनंदाने एकदा बुढीकडे पाहिलं आणि पदराने तोंडावरचं पीठ पुसलं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं. पण मी आठवून पाहिलं. आईचं नाव मी शेकड्यांनी लिहिलं, मुलींचं लिहिलं, देवीचं लिहिलं, एकाच्या आवडत्या म्हशीचंही लिहिलं. बायकोचं नाव गाडीच्या माथ्यावर लिहून घेणारा नवरा मला भेटलेला नव्हता. हिंगोलीकडून एकाने जुनी जीप आणली होती, तिच्यावर 'शोभा' लिहिलेलं. त्याची बायको गाडीत पाय ठेवीना. "हे शोभा कोन?" तो माझ्याकडे नाव बदलायला आला, बायकोही बरोबर. ती म्हणाली, "मंग माह्यंच टाका." तर हा म्हणाला, "लोक हासतीन," आणि मावशीचं नाव टाकून घेतलं.

संजूही तेच म्हणाला. "बाईचं नाव, बुढे? लोक काय म्हनतीन?"

"जहाजाले लाज वाटते का तुले वाटते?" बुढीने विचारलं. गुरुजी पहिल्यांदा हसले, मग पोरं हसली. नाव ठरलं.

आणि लगेच संजूने मला विचारलं, "सौ. लावता का श्रीमती?"

मी कपाळावर हात मारला. घोडं परत तिथंच येऊन पेंड खात होतं. पोरांमध्ये तीन 'सौ.'चे निघाले आणि दोन 'श्रीमती'चे. दोन्ही बायकांच्या देखतच पोरं वाद घालू लागली. या वेळी सुनंदाचा चेहरा उतरलेला मला दिसला. माझा धंदा वादात पडायचा नाही. पण अक्षर केवढं काढायचं, हे फक्त माझ्या हातात असतं.

मी जुन्या रेषा पुसल्या आणि दोरी नव्याने मारली, एक पट्टीच्या वरच्या काठाला लागून, एक खालच्या. मग सुनंदा हे नाव असं आखलं की पहिलं अक्षर पत्र्याच्या डाव्या कडेला भिडलं आणि शेवटचं उजव्या. तेवढी मोठी अक्षरं मी दूध संकलनाच्या ट्रकवरही काढली नव्हती. वाद मिटेपर्यंत माझं लाल रंगाने भरून झालं होतं. संजू आला, पाहतो तर आधी बोटभर जागा नाही.

"पेंटरभाऊ, सौ. कुठं लिहान?"

"जागा नाही राहिली," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष आहे, मूर्ख नाही. "नाई राह्यली तं नाई राह्यली," तो म्हणाला आणि पोरांना लाइटच्या माळा लावायला पाठवलं. मी सावली देऊन घेतली.

दहा दिवस तो देखावा तुफान चालला. माइकवरचा पोरगा ओरडायचा, "चला, सुनंदा निघाली मागं! ज्याले आपला आजा पाहायचा हाये त्यानं बसून घ्या!" गिरणीत ते ऐकू जायचं. दळण घेऊन आलेल्या बाया तिला चिडवायच्या, "काहून व, तू तं मागं गेली होती, आमचं दयन कोन करून राह्यलं?" तीही उत्तर द्यायची. वसंताच्या हातचे जुने देखावे पोरांनी ताक्यावर एका ठिकाणी काढले होते, त्यात वेल्डिंगचा काळा चष्मा लावलेला एक किडमिडीत माणूस होता. बुढी रोज सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, जहाजात बसायची आणि तिथे आलं की म्हणायची, "थांबवा रे जरा." पोरं हँडल धरून उभी राहायची. मी एकदा हे पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी चहाही न घेता परत आलो.

विसर्जनानंतर पोरांनी जहाज मोडलं, सांगाडा भंगारवाल्याकडे परत गेला. आमच्या कामाचं आयुष्य तेवढंच असतं.

पुढे दसऱ्याच्या सुमाराला सुनंदा गिरणीचा पट्टा न्यायला शेलूबाजारला आली, तेव्हा माझ्या टपरीवर थांबली. मी स्टूल पुढे केलं. महालक्ष्म्यांना काय झालं, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं.

"गेलती ना. बोलावनं आलं, पाटबी मांडला," ती म्हणाली. "पाटलीनबाईनं कुकू लावलं. पन जेवतानी साऱ्या बाया माह्या पानाकडंच पाहून राह्यल्या होत्या. पुरन बी गोड लागलं नाई. पुढच्या साली सांगाले आल्या तं मी नाई म्हनीन. कोनी उठवाच्या आधी मीच उठली, म्हंजे झालं."

मी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "पेंटरभाऊ, गिरनीवर पाटी लिहाची हाये. जहाजावर लिहिलं तसंच. आधी काई नाई, मांगं काई नाई. नुसतं."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. गिरणीच्या दाराशेजारी भिंतीवर, हाताला येईल अशी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर वसंताचं नाव होतं. माझ्या हातचं नव्हतं, त्याने स्वतःच कधीतरी उरलेल्या निळ्या रंगाने लिहिलेलं. ऊन-पावसाने पार उडालं होतं, जवळ गेल्याशिवाय वाचता येत नव्हतं. नव्या कामासाठी पाटी घासावी लागते. मी सामान खाली ठेवलं आणि आत बघून विचारलं, "वरचं खोडायचं का?"

ती दळण ओतत होती. ओतून झालं, डबा बाजूला ठेवला, तेव्हा बोलली.

"खोडू नका. अन् त्याच्यावर नवा हात बी मारू नका. ते आपल्यानं फिकं होऊन राह्यलं, होऊ द्या."

गिरणी सुरू झाली. बुढी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी दोरीला खडू लावला आणि त्या नावाला धक्का न लावता खालच्या अर्ध्या भागात दोरी धरली. एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं बुढीने येऊन धरलं.